किनाऱ्यावर घाट्या मोजायच्या: माणगाव ते रत्नागिरी, पहिल्यांदा सायकलने जाणाऱ्यांसाठी

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे धोपावे दिसतं. माडांचे शेंडे, कौलं, बोटीसाठी थांबलेल्या गाड्या, सगळं स्पष्ट. फेरीबोट तिथे सुमारे 15 मिनिटांत पोचवते. काही कारणाने बोट बंद असली, तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालून गुहागर गाठावं लागतं आणि तो रस्ता 100 किलोमीटरहून लांब आहे. कोकण किनाऱ्याचा स्वभाव या एका धक्क्यावर कळतो.

मला तो उशिरा कळला. पहिल्या खेपेला मी हरिहरेश्वर ते गुहागर एका दिवसात करायचं ठरवलं होतं. नकाशावर सव्वाशेच्या आसपास किलोमीटर दिसत होते. पुणे-लोणावळा-पुणे साधारण तेवढंच भरतं आणि ते मी दुपारच्या जेवणापर्यंत आटोपायचे. इथे आंजर्ल्याला पोचेपर्यंतच दुपारचे 2 वाजले. कोळथऱ्याच्या पुढे अंधार पडला, पोटऱ्यांत गोळे आले, दाभोळ अजून लांब होतं. रस्त्याकडेच्या एका घरातल्या काकूंनी हाक मारून थांबवलं, सायकल पडवीत घ्यायला लावली आणि गरम भात नि कुळथाचं पिठलं वाढलं. इकडे मैल मोजून भागत नाही, घाट्या, म्हणजे गावागावांमधले खडे चढ, मोजाव्या लागतात, असं त्या वाढता वाढता म्हणाल्या. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक फेरीचा हिशोब त्या वाक्यावर उभा आहे, आणि नव्या मंडळींना घेऊन जाते तेव्हा पहिल्या बैठकीत मी तेच सांगते.

माणगावहून निघून 6 दिवसांत रत्नागिरी, सुमारे 300 किलोमीटर, वाटेत 3 फेरीबोटी. रोज तासभर सायकल चालवणारा आणि 2 महिने नेटाने सराव करायची तयारी असलेला कुणीही हा मार्ग करू शकतो.

आधी ही जमीन समजून घ्या

सह्याद्रीत उगम पावलेल्या नद्या पश्चिमेला अवघ्या 50-80 किलोमीटरवर समुद्राला मिळतात. वाटेत त्यांनी जांभ्या दगडाचं पठार खोलवर कापलंय. या पठाराला इथे सडा म्हणतात. गावं वसली आहेत ती सड्याच्या पायथ्याशी, समुद्र आणि चढ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जिथे गोडं पाणी आहे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे घाटी चढून सड्यावर जायचं, सडा ओलांडायचा आणि पुन्हा समुद्रसपाटीला उतरायचं. उतरलात की खाडी, पूल किंवा धक्का. मग पुन्हा चढ.

एकेक चढ 100 ते 200 मीटरचा असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. दिवसात असे 5-6 आले की बेरीज 800-900 मीटरवर जाते. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून 600 मीटरच्या आसपास चढतो, म्हणजे कोकणातला एक साधा दिवस हा दीड सिंहगड झाला. शिवाय सिंहगडावर एकदा लय सापडली की वरपर्यंत टिकते. इथे लय सापडेपर्यंत चढ संपतो, उतारावर अंग गार पडतं आणि पुढचा चढ थंड पायांनी सुरू करावा लागतो. जमीन तुमच्याच बाजूची आहे असं एकदाही वाटत नाही अशी दुपार प्रत्येकाच्या वाट्याला येते. ती येणार आहे हे माहीत असलं की माणूस खचत नाही.

म्हणून रात्री दुसऱ्या दिवसाचा बेत करताना वहीत एवढंच लिहा: खाड्या किती, घाट्या किती, शेवटची घाटी ऊन उतरल्यावर येते की भर दुपारी. किलोमीटर त्याच्या खाली लिहा. नव्या माणसाला दिवसाला 50-60 पुरेत. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करणारेही या किनाऱ्यावर दिवसाला 80 वरच समाधान मानताना मी पाहिलेत.

कधी जायचं, कुठल्या बाजूने

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात उकाडा आणि दमटपणा अंगातलं मीठ काढून घेतो. मार्चपासून सडे तापू लागतात. पावसाळ्यात कोकण देखणं असतं हे मान्य, पण घाट्यांवर शेवाळ धरतं, दरडी येतात, हवा बिघडली की फेरीबोटीही थांबतात. पहिली खेप पावसात करू नका.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे अंगावर येतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो. दुपारपासून समुद्रावरून जमिनीकडे वाहू लागतो आणि हिवाळ्यात त्याचा रोख बहुतेक वेळा वायव्येचा असतो. दक्षिणेला जाताना तो पाठीवर नाहीतर उजव्या खांद्यावर राहतो. उलट दिशेने निघालेल्यांची सड्यावरची दुपार अवघड जाते.

वार जमलं तर सोमवारी निघा. शुक्रवार रात्र ते रविवार पर्यटकांच्या गाड्या अरुंद घाट्यांत एकमेकींना जागा देत उभ्या असतात आणि त्यांत सायकलवाल्याला कडेची खडीच मिळते. मुंबई-गोवा महामार्गावरून, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66 वरून, अंतर कमी दिसलं तरी तो मोह टाळा. माणगाव सोडलं की रत्नागिरी येईपर्यंत त्याच्याशी काही काम पडत नाही.

सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही. लागतो तो हलका गिअर. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी यांच्या दातांची संख्या जवळजवळ सारखी हवी: पुढे 34 असेल तर मागे 32 किंवा 34. हायब्रिड सायकलींना पुढे 28 दातांची चकती असते, ती तर उत्तमच. निव्वळ शर्यतीच्या गिअरवर केळशीच्या आसपासचे चढ उभं राहूनच मारावे लागतात आणि सामानासकट ते फार वेळ जमत नाही.

टायर 32 ते 38 मिलिमीटर रुंदीचे. वळणांवर जांभ्याचा चुरा आणि खडी साचलेली असते, बारीक टायर तिथे सरकतो. निघण्यापूर्वी ब्रेक पॅड नवे टाका. इथला उतार थेट धक्क्यावर किंवा गावातल्या आळीत संपतो, म्हणजे वेग शेवटपर्यंत हातात हवा. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबा-सोडा, दाबा-सोडा. सतत धरून ठेवलेत तर तापतात. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नाही.

सुट्या भागांत 2 ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, टायर लिव्हर, साखळी जोडायची कडी आणि पट्टीचा किंवा डिस्कचा, जो असेल तो, ब्रेक पॅडचा एक जोड. तुमच्या सायकलीच्या मापाची ट्यूब गावात मिळेल या भरवशावर राहू नका. पंक्चर काढून देणारा भेटतो, पातळ तोंडाच्या वॉल्व्हची ट्यूब भेटत नाही.

कपड्यांसकट सामान 6 किलोच्या आत, आणि ते पाठीवर नको, कॅरिअरच्या पिशव्यांत. पाठीवरच्या पिशवीखाली घाम मुरतो आणि तिसऱ्या दिवशी पाठ सोलवटते. सायकलिंगची पॅड असलेली चड्डी 2, एक धुवायची एक घालायची. दमट हवेत ती रात्रीत वाळत नाही, म्हणून पोचल्या पोचल्या धुवा.

आणि वाळूत सायकल घालू नका. कर्द्याचा किंवा गुहागरचा किनारा ओहोटीला इतका घट्ट आणि लांबरुंद असतो की हात शिवशिवतात. पण खारं पाणी आणि बारीक वाळू बेअरिंगमध्ये एकदा गेली की बाहेर येत नाही. नुसत्या खाऱ्या हवेनेही साखळीवर रात्रीत तांबूस थर चढतो. रोज संध्याकाळी फडक्याने साखळी पुसून तेलाचे थेंब सोडणं हे जेवणाइतकंच नेमाचं काम समजा.

सराव: दोन महिने

पहिले 4 आठवडे सपाटीवर. आठवड्यातून 3 दिवस तासभर आणि रविवारी 40-50 किलोमीटर. पुढचे 4 आठवडे चढावर, पण लांब एकच चढ नको. पुण्यातल्यांनी बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट घ्यावा, चढून उतरून पुन्हा चढावा, असा 3-4 वेळा. ठाण्या-मुंबईकडच्यांना येऊर आहे. थंड पायांनी चढ सुरू करायची सवय अशी लागते. शेवटचे 2 रविवार भरलेल्या पिशव्या लावून चालवा. आणि एकदा तरी शनिवार-रविवार सलग 50-50 करून बघा, कारण दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना काय होतं ते आधी कळलेलं बरं.

दिवस पहिला: माणगाव ते दिवेआगर, सुमारे 50 किलोमीटर

मुंबईहून कोकण रेल्वेने, पुण्याहून गाडीने ताम्हिणीतून माणगावला या. पुणे-ताम्हिणी-माणगाव सायकलने 100 किलोमीटरच्या वर आहे आणि घाटाच्या उताराची तीव्र वळणं दमलेल्या हातांसाठी बरी नाहीत. पहिल्या खेपेला ते सोडा.

माणगावहून साईमार्गे म्हसळा आणि तिथून बोर्ली पंचतन करत दिवेआगर. झाडीतला, चढउतारांचा रस्ता आहे, मोठी घाटी म्हणावी अशी थोडीच. हा दिवस मुद्दाम सोपा ठेवलाय. सीटची उंची, पिशव्यांचा तोल, कुठे काय घासतंय, हे सगळं आज लक्षात येतं आणि संध्याकाळी दुरुस्त करता येतं. दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांतून पायी एक फेरी मारा, पाय मोकळे होतील.

दिवस दुसरा: दिवेआगर ते वेळास, सुमारे 55 किलोमीटर आणि पहिली फेरी

सकाळी साडेसहाला निघा. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा 20 किलोमीटरचा रस्ता या अख्ख्या मार्गातला सर्वांत मोकळा. डावीकडे डोंगर, उजवीकडे रस्त्याला लागून खडक आणि पाणी, मध्ये भिंत नाही, झाड नाही. कोकणात रस्ता समुद्राच्या इतका जवळ, इतका वेळ राहतो असं फार क्वचित घडतं, कारण एरवी सडा त्याला वर ओढतो. इथे घाई करू नका. मी दर वेळी इथे अर्धा तास जास्तीचा ठेवते आणि तोही कमी पडतो.

श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. नाश्ता इथे करा. पुढे हरिहरेश्वरपर्यंत चढउतार, मग 5 किलोमीटरवर बागमांडला. सावित्री नदीची ही बाणकोट खाडी. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी.

फेरीबोटीची पद्धत एकदा समजून घ्या, तिन्ही ठिकाणी तीच आहे. धक्क्यावरच्या खिडकीत माणसाचं आणि सायकलचं वेगळं तिकीट मिळतं, पैसे किरकोळ लागतात, सुटे जवळ ठेवा. बोट लागली की आधी येणाऱ्या गाड्या उतरू द्या. धक्क्याचा उतरता भाग भरतीच्या पाण्याने ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे सायकलवरून उतरून चालत जा. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट असतील तर पाऊल सपाट टाका. मी तिथे माणसं सायकलसकट घसरताना पाहिली आहेत. बोटीवर सायकल कठड्याला टेकवून एका पट्ट्याने बांधा, मोटारींच्या रांगेत मध्ये उभी करू नका. वेळापत्रकात ऋतूप्रमाणे बदल होतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारा. त्यांना नेमकं माहीत असतं.

वेश्वीला उतरून बाणकोट आणि पुढे वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव आज कासवांसाठी ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले कासवं इथल्या किनाऱ्यावर अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायचं काम उभं केलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. राहायची सोय गावातल्या घरांतच होते.

दिवस तिसरा: वेळास ते मुरुड, सुमारे 50 किलोमीटर

वेळास ते केळशी आणि केळशी ते आंजर्ले, दोन्ही टप्प्यांत खऱ्या घाट्या सुरू होतात. केळशी सोडल्यावर सड्यावर जो रस्ता येतो तिथे सावली नाही, दुकान नाही, पाण्याचा नळ नाही. इथला नियम साधा आहे: पाणी खाली गावात भरायचं, वर मिळेल असं धरायचं नाही. प्रत्येक घाटीच्या पायथ्याशी 750 मिलिलिटरच्या दोन्ही बाटल्या भरलेल्या हव्यात, एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर किंवा ओआरएस. पायथ्याशी पोट भरून खाऊ नका. एक केळं किंवा चिक्की पुरे, जेवण उतरल्यावर.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचं देऊळ नावाप्रमाणे उंचावर आहे. चढून जा. तिथून खाली दिसणारी जोग नदीची खाडी, माडांचं बन आणि लांबवर समुद्रात सुवर्णदुर्ग पाहिला की सकाळपासून आपण काय चढलो-उतरलो ते नजरेत मावतं. पुलावरून खाडी ओलांडून हर्णै. बंदरावर संध्याकाळच्या सुमारास मासळीचा लिलाव चालतो, सायकल लांब लावून बघायला जा. त्या गडबडीत मध्ये उभं राहू नका, ती माणसं कामात असतात. पुढे मुरुड, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. मुक्काम इथे किंवा शेजारच्या कर्द्यात.

दिवस चौथा: मुरुड ते गुहागर, सुमारे 60 किलोमीटर, दुसरी फेरी

सर्वांत कठीण दिवस हाच. कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, पंचनदी, दाभोळ. प्रत्येक नावाच्या मध्ये एक घाटी आहे असं समजून चाला. पहाट झाल्या झाल्या निघा आणि ऊन चढायच्या आत बुरोंडी मागे टाका. दापोली शहर या रस्त्याच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे 240 मीटरवर आहे. अंगात काही बिनसलं, सायकल मोडली, डॉक्टर लागला तर तिकडे वळायचं. रुग्णवाहिकेचा क्रमांक 108 आणि पोलिसांचा 112 फोनमध्ये आहेच, पण खोलगट भागात रेंज जाते. गटाने असाल तर दर घाटीच्या माथ्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचं, हा नियम पाळा.

फोनवरच्या नकाशाबद्दल इथेच सांगते. तो जवळचा रस्ता म्हणून वाडीतून जाणारी एक बारीक रेघ दाखवतो आणि ती पुष्कळदा पाखाडी निघते. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची पायवाट. भरलेली सायकल खांद्यावर घेऊन अशी एक पाखाडी मी चढले आहे. रेघ बारीक दिसली की थांबून विचारा, आणि विचारताना "काका, गाडीरस्ता आहे ना?" असंच विचारा. नुसतं "रस्ता आहे का?" म्हटलंत तर उत्तर "हाय की" असंच येतं, कारण चालणाऱ्यासाठी तो आहेच. "किती लांब?" याचं उत्तर मोटारसायकलच्या मिनिटांत मिळतं, त्याला 4 ने गुणा.

दाभोळला धक्क्याजवळ आदिलशाही काळातली देखणी दगडी मशीद आहे. बोटीची वाट बघताना तिच्या सावलीत बसता येतं. इथली गाड्या नेणारी फेरी 2003 मध्ये सुरू झाली. त्याआधी मोटारीने येणाऱ्याला चिपळूणचा वळसा चुकत नसे. धोपाव्याला उतरलं की लगेच चढ लागतो. त्याआधी धक्क्यावरच काहीतरी खाऊन घ्या, नव्या मंडळींचा धीर इथे सुटतो असा माझा अनुभव आहे. गुहागरला पोचलात की अवघड भाग संपला.

दिवस पाचवा: गुहागर ते गणपतीपुळे, सुमारे 60 किलोमीटर, तिसरी फेरी

पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. चढ आहेत, पण कालच्यापेक्षा सैल. हेदवीला बामणघळ बघण्यासाठी भरतीची वेळ साधा: खडकातल्या अरुंद भेगेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला तिथे फक्त भेग दिसते. कडेला फार जवळ जाऊ नका, खडक ओला असतो.

तवसाळहून जयगडची फेरी. ही शास्त्री नदीची खाडी, तिघींमध्ये मला सर्वांत शांत वाटते. जयगडनंतर मालगुंडवरून गणपतीपुळे.

दिवस सहावा: गणपतीपुळे ते रत्नागिरी, सुमारे 25 किलोमीटर

आरे-वारेचा रस्ता सकाळी लवकर करा. एका वळणावर रस्ता कड्यावर येतो आणि खाली दोन किनारे एकाच वेळी दिसतात. पर्यटकांच्या गाड्या तिथेच थांबतात, म्हणून साडेसातच्या आत पोचायचं. रत्नागिरी शहरात थिबा राजवाडा आणि लोकमान्य टिळकांचं जन्मघर पाहायला अर्धा दिवस हाताशी राहतो.

जेवण आणि मुक्काम

घरगुती खानावळीत ताट तयार नसतं, सांगितल्यावर रांधतात. त्यामुळे दुपारचं जेवण सकाळीच फोन करून सांगून ठेवा, किती माणसं, शाकाहारी किती, मासे किती. न सांगता 2 वाजता पोचलात तर दोष त्यांचा नाही. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी भात जास्त आणि तळलेलं कमी. सोलकढी जेवणाबरोबर प्या, वाटेत कोकम सरबत मीठ घालून मागा, शहाळं मिळेल तिथे सोडू नका. तळलेल्या सुरमईचा मान रात्रीच्या जेवणाला द्या; भर दुपारी ती खाऊन घाटी चढणं पोटाला झेपत नाही.

राहण्यासाठी खोली ठरवताना सायकल पडवीत किंवा आत घेता येईल का हे आधी विचारा. बहुतेक घरी आनंदाने हो म्हणतात. बायकांसाठी एक: सड्यावर आडोसाही नसतो. सकाळी निघताना, देवस्थानाच्या गावी आणि एसटी स्थानकावर सोय मिळेल तिथे थांबून घ्या. त्या काळजीने पाणी कमी पिऊ नका, गोळे येण्याचं ते पहिलं कारण. माझ्याबरोबर आलेल्या मुलींमध्ये दर वेळी कुणीतरी हे करतेच आणि तिसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजते. रोख पैसे सोबत ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

रस्त्यावर एसटी मागून आली की वळणाच्या आधीच डाव्या कडेला थांबा. अरुंद वळणाला तिला अख्खा रस्ता लागतो आणि चालक हॉर्न देतो तो हुसकावण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी. अंधारात घाटी उतरू नका. डिसेंबरात साडेसहाला काळोख होतो; मागचा लाल दिवा दिवसाही लावून ठेवा.

परतताना

रत्नागिरी रेल्वे स्टेशन शहराबाहेर सड्यावर आहे, म्हणजे शेवटची घाटी तिथेच आहे. सायकल गाडीत सामान म्हणून जाते. गाडीच्या किमान 2 तास आधी पार्सल कार्यालयात जा, प्रवासाचं तिकीट दाखवून नोंदणी करा आणि पावती जपा. पुठ्ठ्यावर नाव, फोन, कुठून कुठे हे ठळक लिहून सायकलच्या दांड्याला दोन ठिकाणी बांधा. बाटल्या, दिवे, पंप, मीटर काढून घ्या, पेडल आत वळवा, मागची गिअरची दांडी जुन्या टॉवेलने गुंडाळा. उतरायचं स्टेशन गाडी भरपूर वेळ थांबते असं निवडा. दोन मिनिटांच्या थांब्यावर सायकल उतरवायला वेळ मिळत नाही. ज्यांना पाचव्या दिवसाआधीच परतायचं असेल त्यांनी गुहागरहून चिपळूण गाठावं, सुमारे 45 किलोमीटर, तिथे रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत.

पुढच्या हिवाळ्यात रत्नागिरीहून सुरुवात करा: भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण. त्या खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे बोटीची वाट बघावी लागत नाही. सडे मात्र अधिक रुंद आहेत आणि उघडे. पाण्याच्या बाटल्या तिथे 3 न्या.